आरशासमोरचा रेम्ब्रांट

प्रश्न : सतराव्या शतकातल्या रेम्ब्रांट या डच चित्रकाराने स्वतःचीच एवढीएवढीशी एचिंग्ज, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं, केलीयत, कुठे डोळे विस्फारलेले, कुठे तोंड वासलेलं. त्याच्या मोठमोठ्या ऑइल पेंटिंगपेक्षा मला तीच जास्त अंगावर येतात. असं का होत असेल? आणि तो खरंच एवढा चिडलेला, घाबरलेला होता का?

उत्तर : नाही हो, आरशासमोर बसून वेडीवाकडी तोंडं करत होता. ही बहुतेक 1630 मधली, तो तेव्हा नेदरलँड्समधल्या लायडन या आपल्या गावी होता, वय जेमतेम 24, आणि चित्रातल्या माणसांचा राग, भीती, हसू दाखवायचं तर ते चेहऱ्यावर नेमकं कुठे उमटतं हे शिकायला हवं, मग कधीही हजर असलेलं मॉडेल म्हणजे स्वतःच. गिऱ्हाईकच नाही म्हटल्यावर चांगलं दिसायची सक्तीही नाही. माझ्या मते अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं एचिंगमध्ये. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र काढायचं, जिथे मेण निघालं तिथे ॲसिड तांबं खातं, मग त्या खाचांत शाई भरून कागदावर छापायचं. एनग्रेव्हिंगमध्ये धातू जोर लावून कोरावा लागतो त्यामुळे रेष शिस्तीतच येते, मेणावर मात्र सुई पेनासारखी पळते आणि हात घाईत फिरला तर ती घाईसुद्धा छापून येते.

टोपीवालं ते विस्फारलेल्या डोळ्यांचं एचिंग घ्या, सगळा पत्रा साधारण 5 सेंटिमीटरचा. भुवया वर चढलेल्या, कपाळाला आठ्या, ओठांचा चंबू, आणि केस तर नुसते गिरगटलेत. सगळी मेहनत डोळ्यांवर आणि तोंडावर, कपडे चारदोन रेषांत उरकलेत, म्हणून आपली नजर दुसरीकडे जातच नाही.

आता भाव मुद्दाम आणलेला, मग तो खोटा का? मला अजिबात नाही वाटत. ओरडल्यासारखं तोंड उघडलेलं जे सेल्फ पोर्ट्रेट आहे ना, जवळपास तोच चेहरा त्याने त्याच वर्षी एका भिकाऱ्याला दिलाय, अंगावर चिंध्या, हात पुढे केलेला. दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून बघा, तोंड तेच आहे, पण पहिल्यात जो सराव दिसतो तो दुसऱ्यात सरळ भूक वाटायला लागतो.