कामानिमित्त सहा महिने कोरियाला जातोय. तिथल्या लोकांशी अदबीनं कसं बोलायचं? नुसत्या 'आन्योंगहासेयो'वर, म्हणजे 'नमस्कार'वर, निभेल का?

पहिला आठवडा निभेल, पुढे नाही.

मी दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात तीन वर्षं होतो. नवा असताना ऑफिसातल्या एका बाईंनी विचारलं, "शिक्सा हाश्योस्सोयो?" म्हणजे 'जेवलात का?' मी ऐटीत तेच वाक्य परत केलं, "ने, शिक्सा हाश्योस्सोयो." बाई तोंडावर हात धरून हसल्या. त्या 'श्यो'मध्ये 'शी' हा आदराचा प्रत्यय दडलाय. तो समोरच्याला लावायचा, स्वतःला कधीच नाही. मी स्वतःलाच अहोजाहो करून बसलो होतो! साधं "ने, मोगोस्सोयो", म्हणजे 'हो, जेवलो', पुरलं असतं. 'मी' म्हणतानासुद्धा 'ना' नको, नम्र 'चो' वापरा.

आपल्याला एक सोय आहे. अरेतुरे आणि अहोजाहो कानात मुरलेलं असतं, त्यामुळे 'बानमाल' आणि 'जोंदेनमाल' हा भेद लगेच कळतो. वाक्याच्या शेवटी 'यो' आलं की बहुतेक वेळा निभावतं. मीटिंगमध्ये किंवा बातम्यांत 'सुम्निदा' ऐकू येईल, ती त्याहून औपचारिक पायरी.

खरी गोची 'तुम्ही' या शब्दाची. शब्दकोशात 'तांगशिन' सापडेल, पण अनोळखी माणसाला तसं म्हटलं तर भांडण उकरून काढल्यासारखं वाटतं. कोरियन माणूस 'तुम्ही' शक्यतो टाळतोच. पद किंवा नातं वापरतो. दुकानमालकाला 'साजांगनिम', शिक्षकाला 'सोनसेंगनिम'. खानावळीतल्या मावशींना चक्क 'इमो', म्हणजे मावशीच. हे मला फार घरचं वाटलं. नावापुढे 'श्शी' लावता येतं, पण नुसत्या आडनावापुढे नको. 'किम श्शी' म्हणणं ज्याला म्हणाल त्याला खटकतं.

वय विचारलं तर वाईट वाटून घेऊ नका. कोणी कोणाशी कसं बोलायचं ते त्यावर ठरतं. २८ जून २०२३ पासून सरकारी कामात आपल्यासारखंच पूर्ण वर्षांचं वय धरतात, तरी गप्पांत जन्मसालच विचारतील. एका वर्षानं मोठा असला तरी तो मुलांसाठी 'ह्योंग', मुलींसाठी 'ओप्पा'. 'चिंगू', म्हणजे मित्र, हा शब्द मुळात समवयस्कासाठी.

बाकीचं सोपं. वस्तू देता-घेताना दोन्ही हात. मोठ्यांनी चमचा उचलल्याशिवाय जेवायला सुरुवात नाही. त्यांच्यासमोर दारू पिताना मान जरा बाजूला वळवायची. आणि चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नका. मृतांसाठीच्या विधीची आठवण होते.

काही महिन्यांनंतर माझा एक सीनियर म्हणाला, "माल नोचा." शब्दशः 'बोलणं खाली ठेवूया', म्हणजे आता अरेतुरे. हे वयानं मोठ्या माणसानं सुचवायचं असतं, आपण नाही. मला मात्र ते 'यो' शेवटपर्यंत सुटलं नाही.