‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

प्रश्न : सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला, ते रुग्णालयात आहेत. मित्र, शेजारी सगळे ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतात. पण नेमकं काय सांगावं हेच सुचत नाही. फोन मात्र दिवसभर वाजत राहतो.

उत्तर : आधी फोन थांबवा. एका विश्वासू मैत्रिणीला निरोपाचं काम द्या. तुम्ही रोज संध्याकाळी तिलाच दोन ओळी कळवायच्या, बाकीच्यांना ती कळवेल.

मदत मागताना काम, वार आणि वेळ सांगा. ‘मुलांकडे बघाल का?’ यापेक्षा ‘मंगळवारी चार ते सात मुलं तुमच्याकडे राहतील का?’ याला होकार पटकन मिळतो. घराची एक किल्ली शेजारी ठेवा.

रात्रीची पाळी सर्वांत अवघड. एकाच माणसाला सलग दोन रात्री बसवू नका. झोप नसली की डॉक्टरांचं बोलणंही नीट लक्षात राहत नाही. उशाशी वही ठेवा : कोणतं औषध किती वाजता दिलं, डॉक्टर काय म्हणाले, काय विचारायचं राहिलं. पाळी बदलताना ती पुढच्याला वाचून दाखवूनच उठायचं. गिळायला त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही, अगदी प्रेमानंसुद्धा, घोटभर पाणीही पाजू नये. ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. हे वहीच्या पहिल्याच पानावर ठळक लिहा. सर्दी-खोकला असलेल्यांनी फोनवरच विचारपूस करावी.

आणि सगळी मदत पहिल्याच आठवड्यात संपवू नका. घरी आणल्यावर उठवणं-बसवणं, व्यायाम सुरू होतात, नेमकी तेव्हाच माणसं पांगलेली असतात. दोघांना आत्ताच सांगून ठेवा : ‘तुम्ही तेव्हा या.’