गाड्यांमधला वायरलेस संपर्क: कोर्सआधी हे करून बघ

प्रश्न: मी सांगलीत ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) तिसऱ्या वर्षाला आहे. अपघात टाळण्यासाठी गाड्या एकमेकींना वायरलेस संदेश देतात, त्या व्ही-टू-व्ही क्षेत्रात मला काम करायचंय. बाबा महागड्या ऑनलाइन कोर्सचे पैसे भरायला तयार आहेत. भरू का?

उत्तर: पैसे तूर्त राहू देत. या कामात सगळ्यात आधी कळायला हवं ते संदेशाचं शिळेपण. गाडी आपली जागा, वेग, दिशा सेकंदाला साधारण १० वेळा हवेत सोडते. ताशी ६० किलोमीटरला ती सेकंदात जवळपास १७ मीटर जाते, म्हणजे सेकंदभर जुना संदेश चार गाड्यांच्या लांबीएवढा चुकतो.

हे हातानं करून बघ. दोन ईएसपी३२ बोर्ड (वायरलेस असलेले छोटे मायक्रोकंट्रोलर) आणि दोन निओ-६एम जीपीएस मॉड्यूल घे, संदेश ईएसपी-नाउवरून, म्हणजे या बोर्डांच्या राउटरशिवाय थेट बोलण्याच्या पद्धतीनं पाठव. एका पॅकेटात निदान २५० बाइट मावतात, ते भरपूर झाले. जीपीएस मुळात सेकंदाला एकदाच जागा सांगतो, तो ५ वेळांवर ने. घोळ इथेच होतो. मॉड्यूल आणि बोर्डमधल्या तारेचा वेग बॉडमध्ये मोजतात; ९६०० बॉडवर सेकंदाला जेमतेम ९६० बाइट जातात, आणि मॉड्यूल एनएमईए या जीपीएसच्या ठरावीक मजकूर-पद्धतीतली सगळी वाक्यं ओतत राहतं. मग वाक्यं उशिरा येतात, नाहीतर गळतात. फक्त आरएमसी (जागा, वेग, दिशा, वेळ देणारं वाक्य) चालू ठेव, बॉड ३८४०० कर. पॅकेटात अनुक्रमांक आणि वेळ टाक. दोन्ही बोर्डांची घड्याळं जीपीएसच्या पीपीएस पिनवरून (दर सेकंदाला अचूक एक ठोका देणारी पिन) जुळव, नाहीतर मोजलेला उशीर खोटा निघेल.

खरी यंत्रणा ५.९ गिगाहर्ट्झवर चालते. त्या पट्ट्यात परवान्याचे नियम तपासल्याशिवाय काहीही प्रक्षेपित करू नकोस. गर्दीचा अभ्यास संगणकावर सुमो (वाहतुकीचं सिम्युलेटर) आणि एनएस-३ (नेटवर्कचं सिम्युलेटर) वर कर, दोन्ही मोफत आहेत. आधी २० गाड्या, मग २००. एकमेकींचं ऐकू न येणाऱ्या दोन गाड्या एकाच वेळी बोलल्या की मधल्या तिसरीकडे पॅकेटं आदळतात, हे तिथे डोळ्यांनी दिसेल.

एकाच प्रोटोकॉलला चिकटू नकोस. अमेरिकेनं १९९९ मध्ये या कामासाठी ७५ मेगाहर्ट्झ राखले होते. २०२० मध्ये त्यातले ४५ काढून घेतले आणि उरलेले ३० सी-व्ही२एक्सला (मोबाइल नेटवर्कच्या तंत्रावर बेतलेला प्रोटोकॉल) द्यायचं ठरवलं, म्हणजे ८०२.११पी (वायफायवर बेतलेला प्रोटोकॉल) वाल्यांना तिथे जागाच उरली नाही. सी भाषा, कॅन बस (गाडीतल्या यंत्रणांना जोडणारं नेटवर्क), लिनक्स आणि वायरशार्कमध्ये पॅकेट वाचणं मात्र दोन्हीकडे लागतंच.

पुण्यातल्या वाहन कंपन्यांत इंटर्नशिप मागताना बायोडेटात कोर्सचं नाव लिहिण्यापेक्षा तुझे आकडे लिही: किती पॅकेटं पाठवली, किती हुकली, सरासरी उशीर किती मिलिसेकंद, सगळ्यात जास्त किती, आणि का.