नायट्रिक ऑक्साइड, जिभेखालची गोळी आणि रक्तवाहिनीचे अस्तर

आपण विचारले आहे की, वडिलांना जिना चढताना छातीत दडपण येते म्हणून डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली आहे, ती शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार करते असे वाचनात आले. तर हृदयाच्या कामात या वायूचा नेमका वाटा काय, आणि तो वाढावा म्हणून जिममध्ये मिळणारी आर्जिनिनची पावडर वडिलांना द्यावी का. मी मुंबईत वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते, हृदयरोगतज्ज्ञ नाही. त्यामुळे हा वायू काय करतो ते मी सांगू शकते, वडिलांचे औषध मात्र त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

आधी एक घोटाळा दूर करते. भूल देताना वापरतात तो ‘हसवणारा वायू’ म्हणजे नायट्रस ऑक्साइड, तो निराळा. नायट्रिक ऑक्साइड हा पूर्व द्रुतगती मार्गावर खोळंबलेल्या गाड्यांच्या धुरातून बाहेर पडणाऱ्या वायूंपैकी एक. प्रदूषक म्हणून ओळखला जाणारा हा वायू आपले शरीर स्वतःच तयार करते, यावर शास्त्रज्ञांचाही बराच काळ विश्वास बसला नव्हता.

प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींच्या एकाच थराचे अस्तर असते. रक्त या अस्तराला घासत वाहते आणि प्रवाह वाढला की ते घर्षण पेशींना जाणवते. मग त्यांच्यातील एक एन्झाइम आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड बनवते. वायूच असल्यामुळे तो पेशींच्या पडद्यातून सहज आरपार जातो, शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो आणि तिथे अशी साखळी सुरू करतो की पेशीतील मोकळे कॅल्शियम कमी होऊन स्नायू सैल पडतो व वाहिनी रुंदावते. रक्तातले हिमोग्लोबिन या वायूला लगेच पकडून निकामी करते, त्यामुळे त्याचे आयुष्य काही सेकंदांचेच. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पावडरीच्या प्रश्नाचे उत्तर इथेच दडले आहे.

या अस्तराचे महत्त्व कळले ते काहीसे अपघाताने. न्यूयॉर्कमधील रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करत असत. ॲसिटिलकोलिन या रसायनाने पट्टी कधी सैल पडे, कधी उलट आवळली जाई. अखेर लक्षात आले की पट्टी कापताना आतली बाजू जिथे नकळत खरवडली गेली होती, तिथेच ती सैल पडत नव्हती. हा शोध १९८० साली प्रसिद्ध झाला. अस्तरातून निघणारा तो अज्ञात पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच, हे सिद्ध व्हायला आणखी सुमारे सात वर्षे गेली. १९९८ चे नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिद मुराद यांना मिळाले. ज्या आल्फ्रेड नोबेल यांनी नायट्रोग्लिसरिनपासून डायनामाइट बनवला, त्यांनाच उतारवयात हृदयाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरिन सुचवले होते; जिभेखालची गोळी याच जातीची.

हृदयापुरते बोलायचे तर हा वायू हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या गरजेनुसार रुंद ठेवतो, प्लेटलेट्सना अस्तराला चिकटू देत नाही, आणि हृदयाच्या स्नायूतही अल्प प्रमाणात तयार होऊन दोन ठोक्यांमध्ये तो नीट सैल पडायला मदत करतो. तंबाखूचा धूर, मधुमेह आणि दीर्घकाळचा रक्तदाब यांमुळे अस्तर बिघडते. मग वायू कमी बनतो आणि जो बनतो तोही ऑक्सिजनच्या उपद्रवी रूपांशी संयोग पावून वाया जातो.

आता गोळीविषयी. माझे वडील गिरगावातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहत. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते कठड्याला टेकून खाली बसत, खिशातल्या डबीतून सॉर्बिट्रेटची गोळी काढून जिभेखाली ठेवत आणि चार-पाच मिनिटांनी म्हणत, “डोकं ठणकायला लागलं, म्हणजे लागू पडली.” डोक्यातल्या वाहिन्याही रुंदावत असल्याने त्यांचे निरीक्षण अचूक होते. ही गोळी धमनीतला अडथळा विरघळवते असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. तिच्यातून सुटणारा नायट्रिक ऑक्साइड मुख्यतः शिरा सैल करतो, हृदयाकडे परतणारे रक्त घटते, हृदयावरचा ताण उतरतो आणि त्याची ऑक्सिजनची मागणी कमी होते. रक्तदाबही उतरत असल्याने गोळी बसूनच घ्यावी, आणि पाच मिनिटांत दुखणे कमी झाले नाही तर १०८ ला फोन करावा.

पावडर मात्र देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वायू काही सेकंदच टिकत असल्याने अस्तराला तो जागच्या जागी सतत बनवावा लागतो, आणि कमतरता बहुधा कच्च्या मालाची, म्हणजे आर्जिनिनची नसते, कारखान्याची, म्हणजे अस्तराची असते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांपैकी काहींना आर्जिनिन दिले होते. त्यांच्या हृदयाची ताकद वाढली नाही, उलट त्या गटातील ६ जण दगावले आणि दुसऱ्या गटात एकही नाही, म्हणून नवे रुग्ण घेणे थांबवावे लागले. पालक, बीट, मुळा यांतील नायट्रेटपासून तोंडातल्या जिवाणूंच्या मदतीने थोडा नायट्रिक ऑक्साइड बनतो, तेवढा आहारातून जरूर मिळवावा. रोजचे चालणेही अस्तराला मानवते, कारण प्रवाहाचे घर्षण हीच त्याची चालना आहे.

वडिलांना याच जातीची दीर्घकाळ टिकणारी गोळी सुरू असेल आणि ती सकाळी व दुपारीच सांगितली असेल, तर रात्रीची राहून गेली असे समजून आपल्या मनाने वाढवू नये. शरीराला या औषधाची सवय लागून परिणाम ओसरतो, म्हणून दिवसातले काही तास मुद्दाम रिकामे ठेवतात.

शेवटची बाब आपल्याकडे मुलगा वडिलांना विचारू शकत नाही, म्हणून ती डॉक्टरांवर सोपवावी. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल ही लैंगिक दुर्बलतेवरची औषधे नायट्रिक ऑक्साइडने सुरू केलेली तीच साखळी लांबवतात. सिल्डेनाफिलनंतर २४ तासांच्या आत किंवा टाडालाफिलनंतर ४८ तासांच्या आत जिभेखालची गोळी घेतली, तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. पुढच्या भेटीत आपण पाच मिनिटे बाहेर बसावे आणि डॉक्टरांना हा प्रश्न वडिलांना एकट्यात विचारू द्यावा.