मूळ पापाचा धडा घेण्याआधी

प्रिय बाळा,

प्रभूचा आशीर्वाद. दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराच्या) वर्गासाठी केलेलं तुझं मूळ पापावरचं टाचण वाचलं. मेहनत दिसते, पण सुरुवात बदलावी लागेल. तुझा धडा आदाम-हव्वेच्या एदेन बागेत सुरू होतो, देवाने मना केलेल्या फळापाशी थांबतो आणि ‘म्हणून आपण सगळे जन्मतः पापी’ या वाक्यावर संपतो. तेरा-चौदा वर्षांची मुलं हे मुकाट ऐकून घेतील, आणि घरी जाताना आपसात म्हणतील : खाल्लं त्यांनी, भोगायचं आम्ही? त्यांचं चुकतंय असं समजू नकोस. यहेज्केल १८:२० मध्ये मुलगा बापाच्या अपराधाचा भार वाहणार नाही असं स्पष्ट लिहिलंय. एखाद्या पोराने ते वचन काढून समोर ठेवलं तर ‘हे गूढ आहे’ म्हणून वेळ मारून नेऊ नकोस.

सुरुवात संत पौलाच्या रोमकरांस पत्र ५:१२–२१ पासून कर. दहा वचनं आहेत, मोठ्याने वाचायला तीन मिनिटं पुरतात. मुलांना पेन्सिल दे आणि ‘एका माणसामुळे’ या अर्थाचे शब्द येतील तिथे खुणा करायला सांग. मग पंधराव्या आणि सतराव्या वचनातलं ‘कितीतरी अधिक’ शोधायला लाव. आदामाने जे बिघडवलं त्याहून ख्रिस्ताने दिलेलं कितीतरी जास्त, हा पौलाचा रोख आहे. आदाम तिथे तुलनेपुरता येतो. कॅथलिक कॅटेकिझमचा (चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या पुस्तकाचा) ३८९ वा परिच्छेद हेच सांगतो : येशू सर्वांचा तारणारा आहे या शुभवार्तेचीच मूळ पाप ही दुसरी बाजू. आधी रोगाची भीती घालून मग औषध दाखवलं की मुलांच्या लक्षात भीतीच राहते. फादर स्टीफन्स यांनी १६१६ च्या ख्रिस्तपुराणात सृष्टी आणि पतन (आदाम-हव्वेने देवाची आज्ञा मोडणं) आधी सांगितलं हे खरं, पण त्यांचे श्रोते नव्याने ख्रिस्ती झालेले होते, त्यांना सगळी कथा मुळापासून हवी होती. तुझ्या वर्गातल्या मुलांनी सफरचंदाची चित्रं बालवर्गापासून रंगवली आहेत.

त्यानंतर उत्पत्तीचा तिसरा अध्याय. तो सांगू नकोस, वाचून घे, आणि दोन गोष्टी शोधायला लाव : सफरचंद आणि ‘पाप’ हा शब्द. दोन्ही सापडणार नाहीत. फळाचं नाव दिलेलंच नाही, आणि पाप हा शब्द प्रथम येतो तो ४:७ मध्ये, आदामाचा मुलगा काइन याच्या दाराशी टपून बसलेला. थोडी मोठी मुलं खालच्या आवाजात विचारतात की ते पाप म्हणजे स्त्री-पुरुष संबंधच ना? ‘फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा’ हा आशीर्वाद १:२८ मध्ये आहे, पतनाच्या आधी. वचन दाखव आणि पुढे जा. इथे लाजलास, तर तो गैरसमज लग्नापर्यंत टिकतो.

खरं काम फळ्यावर आहे. तीन शब्द एकाखाली एक लिही : कृत्य, अवस्था, ओढ. कृत्य आदाम-हव्वेचं, ते त्यांनी केलं, आपण नाही. अवस्था आपल्याला मिळालेली : देवाच्या कृपेच्या ज्या सहवासात माणूस निर्माण झाला होता, तो सहवास नसताना जन्माला येणं. ओढ म्हणजे चांगलं काय हे कळूनही मन भलतीकडे झुकणं. धड्यातला गोंधळ बहुतेक वेळा यातल्या दोघांची गल्लत झाल्याने होतो. कृत्य आणि अवस्था एक केली की तान्हं मूल गुन्हेगार ठरतं. अवस्था बाप्तिस्म्याने जाते, ओढ उरते; ती दोन्ही एक केली की बाप्तिस्म्यानंतरही राग, हाव का येते याचं उत्तर उरत नाही. ट्रेंटच्या धर्मसभेने (कॅथलिक बिशपांच्या सभेने) १७ जून १५४६ च्या ठरावात दोन्ही टोकं बांधली : हे पाप अनुकरणाने नव्हे तर वंशपरंपरेने येतं, आणि बाप्तिस्म्यानंतर उरणारी ओढ ही खऱ्या अर्थाने पाप नाही.

कॅटेकिझमचे ४०४ आणि ४०५ हे दोन परिच्छेद मात्र शब्दशः वाच. मूळ पापाला पाप म्हणायचं ते केवळ साधर्म्याने. ते ‘केलेलं’ नसून ‘लागलेलं’ आहे. ती कृती नसून स्थिती आहे. आणि आदामाच्या कोणत्याही वंशजाच्या बाबतीत त्याला वैयक्तिक अपराधाचं रूप नाही. वर्गातलं एखादं चौकस पोर म्हणेल की ट्रेंटच्या ठरावात बाप्तिस्म्याने मूळ पापाचा दोष जातो असं लिहिलंय, म्हणजे दोष होताच ना? होता, पण तो तुटलेल्या नात्याचा. स्वतः केलेल्या कृत्याची जबाबदारी असा तिथे अर्थ घेता येत नाही. पटवायला साधी कसोटी आहे : पापनिवेदनाला गेल्यावर मूळ पाप कुणी सांगतं का? फादरही विचारत नाहीत. जे स्वतः केलं नाही त्याचा पश्चात्ताप करता येत नाही, आणि चर्च तो मागतही नाही.

उदाहरण द्यायचंच तर वाडीचं दे. आजोबांनी वाडी घालवली, नातू वाडीविना जन्मला. त्याच्यावर खटला कुणी भरत नाही, पण वाडी तर नाहीच. मग लगेच सांग की हे उदाहरण अर्धवट आहे : वाडी माणसाच्या बाहेर असते, ही उणीव आतली आहे.

आता ‘वारशाने आलेला अपराध’ ही भाषा आली कुठून, हे तुला स्वतःला पक्कं माहीत हवं, मुलांना सगळं सांगितलं नाहीस तरी. हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन (३५४–४३०) आणि त्यांच्याच काळातला धर्मोपदेशक पेलागियस यांचा वाद. पेलागियसचं म्हणणं असं की आदामाने वाईट उदाहरण घालून दिलं, एवढंच. माणूस मनात आणलं तर पाप टाळू शकतो. त्याचा शिष्य सेलेस्तियस ४११ मध्ये कार्थेजला दोषी ठरला, आणि ४१८ च्या कार्थेज सभेने या मतांवर बंदी घातली. ऑगस्टीनने रोम ५:१२ लॅटिनमध्ये ‘ज्याच्यात सर्वांनी पाप केलं’ असं वाचलं. ग्रीकचा आज बहुतेकांना मान्य असलेला अर्थ ‘कारण सर्वांनी पाप केलं’ असा आहे. यावरून काही जण म्हणतात की सगळा सिद्धांत एका चुकीच्या वाचनावर उभा आहे. ते मला पटत नाही. ऑगस्टीनचा मोठा आधार चर्चमधली चालू प्रथा होती : तान्ह्या बाळांना पापक्षमेसाठी बाप्तिस्मा दिला जातो, बाळाने तर काही केलेलं नाही, मग क्षमा कशाची? हा प्रश्न लॅटिन बाजूला ठेवला तरी उरतोच.

त्याने काढलेला निष्कर्ष मात्र कठोर होता. बाप्तिस्म्याविना गेलेलं बाळही दंडाला पात्र, फक्त सर्वांत सौम्य दंडाला. पेलागियसच्या बाजूचा बिशप, एक्लानमचा जुलियन त्याला विचारत राहिला की तान्ह्यांना शिक्षा करणारा हा कसला देव, आणि त्याला लिहायला घेतलेलं उत्तर अपुरं ठेवूनच ऑगस्टीन गेला. पुढे मध्ययुगात ‘लिंबो’ची कल्पना पुढे आली : दुःख नाही, पण देवदर्शनही नाही. ती चर्चने कधीच बंधनकारक श्रद्धा म्हणून जाहीर केलेली नाही. कॅटेकिझमचा १२६१ वा परिच्छेद अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवतो, आणि २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने त्यांच्या तारणाची आशा बाळगायला गंभीर कारणं आहेत असं म्हटलं. हा भाग वगळू नकोस. वर्गात अशा घरचं मूल असू शकतं जिथे एक बाळ जन्मताच गेलंय आणि आजी अजून ‘ते कुठे असेल’ म्हणून रडते. तू जे बोलशील ते त्याच संध्याकाळी त्या घरात पोचेल.

शब्द जपून वापर. ‘डाग’ हा शब्द जुन्या पुस्तकांत आहे, पण आपल्याकडे जन्माने लागणारा डाग म्हटलं की विटाळ आठवतो, आणि ज्या घरांनी तो पिढ्यान्‌पिढ्या सोसला तिथल्या मुलाला तू काय शिकवतोयस असं वाटेल याचा विचार कर. ‘उणीव’ म्हण. या शिकवणीनुसार अवस्था सगळ्यांची सारखीच. इथे कुणाचं कूळ वरचं-खालचं ठरत नाही, हे मोठ्याने सांग. पूर्वसंचित आणि पितृदोष यांच्याशीही गल्लत होते. पूर्वसंचित आपल्याच मागच्या जन्मीच्या कर्मांचं, मूळ पाप आपल्या कुठल्याच कर्माचं नाही. पितृदोष एखाद्या घराण्यापुरता मानतात आणि त्यावर शांत करतात. इथे घराणं अख्खी मानवजात आहे. आजारपण, अपंगत्व, मूल न होणं याला कुणी ‘आईबापांचं पाप’ म्हणालं तर योहान ९:१–३ उघड. शिष्यांनी जन्मांधाबद्दल हेच विचारलं होतं, आणि येशूने दोन्ही पर्याय नाकारले.

‘हे जीन्समधून येतं का?’ असं कुणी विचारेलच. नाही. कसं संक्रमित होतं हे पूर्ण उलगडत नाही, असं कॅटेकिझम स्वतःच म्हणतं. तिसऱ्या अध्यायाची भाषा प्रतिमांची आहे, पण मानवी इतिहासाच्या आरंभी खरोखर काही घडलं असं ती सांगते (परिच्छेद ३९०). विज्ञानाच्या तासाशी भांडण उकरून काढू नकोस.

आठ डिसेंबरच्या सणाबद्दल एकच वाक्य पुरे : १८५४ मध्ये नवव्या पायसने घोषित केलं ते मरिया तिच्या आईच्या उदरात मूळ पापाविना आली त्या क्षणाविषयी आहे, येशूच्या कुमारीजन्माविषयी नाही. दर वर्षी निम्मा वर्ग इथे चुकतो.

काही मुलांचे नातेवाईक नगरकडचे प्रॉटेस्टंट असतील. त्यांच्याकडे वेगळं ऐकलं तर ‘ते चुकीचे’ म्हणून मोकळा होऊ नकोस. लुथरपंथीयांच्या ऑग्सबर्गच्या १५३० च्या श्रद्धा-निवेदनात हा जन्मजात रोग खरोखर पापच मानलाय. प्रेस्बिटेरियन चर्चेसच्या वेस्टमिन्स्टर निवेदनात आदामाचा अपराध वंशजांच्या खाती मांडला जातो असं म्हटलंय. स्विस धर्मसुधारक झ्विंगली त्याला रोग म्हणे, अपराध नव्हे. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चेस मरण आणि दुर्बलता वारशाने आली मानतात, अपराध नाही. म्हणजे मुलांना सतावणारा प्रश्न चर्चच्या इतिहासातही सतावत आलाय.

शेवटची वीस मिनिटं बाप्तिस्माविधीला ठेव. पॅरिशमधून विधीचं पुस्तक माग आणि बाळाच्या छातीवर तेल लावण्याआधीची प्रार्थना काढ. मूळ पापातून मुक्त कर, हे बाळ तुझ्या गौरवाचं मंदिर होऊ दे, अशी ती आहे. दोन्ही मागण्या एकाच दमात. नंतर सैतानाचा धिक्कार कोण करतं ते पाहायला सांग : आईवडील आणि धर्ममातापिता. बाळाला कुणी कबुली विचारत नाही. पाणी, मग डोक्यावर क्रिझ्मा हे पवित्र तेल, पांढरं वस्त्र, पास्काच्या (ईस्टरच्या) मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती. जमल्यास पुढच्या रविवारी एखादा बाप्तिस्मा असेल तेव्हा वर्गाला पहिल्या दोन बाकांवर बसव, आणि घरी जाऊन प्रत्येकाने स्वतःच्या बाप्तिस्म्याची तारीख विचारून यावी. टाचण सुधारलंस की फादरांना एकदा दाखव, ४०५ च्या झेरॉक्स मुलांइतक्या काढ.