‘नवरा गोरा असणार’ ते ‘एजंटचा नंबर द्या’

थायलंडमधून ऑस्ट्रेलियात गेलेली एखादी तरुणी लांब पल्ल्याचा ट्रक चालवते, पगाराचा आकडा सांगते आणि तिच्या व्हिडिओखाली प्रतिक्रियांची रांग लागते. कौतुक, संशय, हेवा, लग्नावरून टोमणे, ‘मलाही न्या’ अशी विनवणी, सगळं एकाच ठिकाणी. हे व्हिडिओ मराठी मोबाइलवर फिरू लागले, तशी त्याच वळणाची पत्रं आमच्याकडेही आली. त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत.

महिन्याला लाखाच्या वर बाट (थायलंडचं चलन) मिळतात म्हणे. हे खरं, की नुसती हवा? (वाचक, इचलकरंजी)

आकडा बहुतेक वेळा खरा असतो, पण तो कर कापण्याआधीचा असतो. हिशेब मांडू. समजा तासाला 35 ऑस्ट्रेलियन डॉलर, आठवड्याला 45 तास आणि वर्षात 48 आठवडे काम. वर्षाचे 75,600 डॉलर झाले. मोजायला सोपं म्हणून एका डॉलरला 21 बाट धरा, म्हणजे महिन्याला साधारण 1 लाख 32 हजार बाट. व्हिडिओत हाच आकडा झळकतो.

आता वजाबाकी. ही मुलगी वर्किंग हॉलिडे प्रकारच्या, म्हणजे तरुणांना फिरता फिरता काम करू देणाऱ्या व्हिसावर असेल, तर पहिल्या 45,000 डॉलरवर 15 टक्के आणि त्यापुढच्या कमाईवर 30 टक्के कर. इतरांना मिळणारी सुरुवातीची करमुक्त रक्कम या दरात नाही. इथे कर होतो 15,930 डॉलर. सामायिक घरातल्या खोलीचं भाडं आठवड्याला 250 आणि जेवणखाण 120 धरलं, तर वर्षाअखेर 40,430 डॉलर उरतात, म्हणजे महिन्याला सुमारे 70 हजार बाट. फोन, लायसन्सचे वर्ग, विमानाचं तिकीट हे सगळं यातूनच.

तरीही रक्कम थोडी नाही. थायलंडमध्ये 1 जानेवारी 2025 पासून किमान रोजंदारी प्रांतानुसार 337 ते 400 बाट आहे. ऑस्ट्रेलियात किमान वेतन 1 जुलै 2025 पासून तासाला 24.95 डॉलर. त्यामुळे ‘खोटं बोलते’ म्हणणारेही चुकतात आणि पूर्ण आकडा बचत समजणारेही.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. मालक पगाराव्यतिरिक्त 12 टक्के रक्कम निवृत्ती निधीत भरतो. देश सोडताना ती काढता येते, पण वर्किंग हॉलिडेवाल्यांच्या त्या रकमेतून 65 टक्के कर कापला जातो. या पैशावर घर बांधायचे मनोरे रचू नयेत.

आणि ती स्वतःच्या मालकीचा ट्रक चालवत असेल, तर हा हिशेब लागूच नाही. तिथे दिसतं ते भाडं. डिझेल, टायर, हप्ता, विमा आणि परतीची रिकामी फेरी त्यातूनच भागते. मराठी मोटारमालकाला हे वेगळं सांगायला नको.

ती तर थेट तीन ट्रेलरच्या गाडीवर दिसते. एवढ्या लवकर लायसन्स मिळतं? (वाचक, बारामती)

थेट मिळत नाही, मधलं वर्ष व्हिडिओत दिसत नाही इतकंच. ऑस्ट्रेलियात लायसन्सच्या पायऱ्या अशा: ‘सी’ म्हणजे मोटार, मग ‘एमआर’ आणि ‘एचआर’ म्हणजे सलग सांगाड्याचे ट्रक, ‘एचसी’ म्हणजे घोडा (ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक) आणि एक ट्रेलर, ‘एमसी’ म्हणजे बी-डबल आणि रोड ट्रेन, दोन किंवा जास्त ट्रेलर ओढणाऱ्या गाड्या. बहुतेक राज्यांत एमआरसाठी मोटारीचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं लागतं, एचआरसाठी दोन वर्षं. एमआर किंवा एचआर वर्षभर हातात असल्याशिवाय एचसी नाही. एचआर किंवा एचसी वर्षभर नसेल, तर एमसी नाही.

मेख इथे आहे: मायदेशात मोटारीचं लायसन्स किती वर्षं होतं, हा काळ साधारणपणे धरला जातो. त्यामुळे गावी तीन-चार वर्षं गाडी चालवलेली मुलगी स्थानिक मोटार परीक्षा देऊन लगेच एचआरला बसू शकते आणि वर्षभराने एमसीला. जुन्या लायसन्सवर पहिल्यांदा दिल्याची तारीख स्पष्ट हवी. थाई कागद असेल तर मान्यताप्राप्त अनुवादकाचा अनुवादही हवा. तारीख न दिसणाऱ्या कार्डामुळे वर्षं वाया जातात. नूतनीकरण केलेल्या कार्डावर नुसती नवी तारीख असेल, तर आरटीओकडून लायसन्सच्या नोंदीचा उतारा घेऊन ठेवावा, हे आपल्याकडच्यांनाही लागू आहे.

थायलंडमध्ये वाहतूक डावीकडून चालते, ऑस्ट्रेलियातही. त्यामुळे वळण घेताना उलट बाजूला जाण्याचा घोळ होत नाही.

परीक्षा ऑटोमॅटिक ट्रकवर दिली तर लायसन्सवर तशी अट येते. पुढे 18 गिअरचा रोडरेंजर बॉक्स असलेला ट्रक समोर आला तर तो चालवता येत नाही. या बॉक्सला आपल्या गाड्यांसारखा सिंक्रोमेश नसतो, इंजिनचे फेरे जुळवूनच गिअर टाकावा लागतो. नवे ट्रक बहुतेक ऑटोमेटेड असले, तरी जनावरं आणि खनिज वाहणाऱ्या जुन्या ताफ्यांत हा बॉक्स अजून भेटतो.

बाईमाणसाला हे जड काम जमतं का? प्रतिक्रियांमध्ये सगळ्यात जास्त वाद याच्यावर आहे. (वाचक, लातूर)

वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ट्रेलर जोडताना पाहिलेला नसावा. ताकद लागते ती ठरावीक ठिकाणी, बाकी सगळा क्रमाचा खेळ.

घोडा ट्रेलरसमोर सरळ रेषेत मागे घ्यायचा आणि फूट-दोन फूट आधी थांबायचं. खाली उतरून उंची बघायची: ट्रेलरचा तळपत्रा घोड्याच्या ग्रीस लावलेल्या तबकडीपेक्षा किंचित खाली असावा, म्हणजे तबकडी शिरताना त्याला हलकं उचलते. ट्रेलर उंच राहिला तर किंगपिन (ट्रेलरच्या तळाचा जाड खुंटा) तबकडीतल्या जबड्यात न बसता त्याच्यावरून सरकतो. आवाज ‘बसल्या’सारखाच येतो, आणि पहिल्या वळणावर ट्रेलर रस्त्यावर. म्हणून आवाजावर विश्वास ठेवायचा नाही. मागे घेऊन लॉक झाल्यावर ट्रेलरचे ब्रेक लागलेले असतानाच खालच्या गिअरमध्ये पुढे दोनदा ओढून बघायचं. मग टॉर्च घेऊन वाकायचं आणि जबडा किंगपिनभोवती मिटलाय, तळपत्रा आणि तबकडी यांच्यात फट नाही, हे डोळ्यांनी पाहायचं. त्यानंतर हवेचे पाइप: लाल पुरवठ्याचा, निळा ब्रेकचा. अदलाबदल झाली तर ट्रेलरचे ब्रेक नीट सुटत नाहीत. मग विजेची वायर, आणि शेवटी ट्रेलरचे पाय वर. पाय आधी वर केले आणि जोडणी कच्ची असेल, तर ट्रेलर नाकावर बसतो. सोडताना उलट क्रम. पावसाने भिजलेल्या मातीत पायांखाली जाड फळी ठेवायची, नाहीतर भरलेला ट्रेलर रुततो आणि पुढचा चालक शिव्या देतो.

यात सगळ्यात दमवणारं काम म्हणजे पायांचं हँडल फिरवणं. त्यालाही दोन वेग असतात. भार असताना हळू वेग वापरायचा. हे ठाऊक नसलेले दणकट गडीही घामाघूम होतात.

खरी ताकद माल बांधताना लागते. ऑस्ट्रेलियाचा नियम असा की बांधणीने मालाच्या वजनाच्या 80 टक्के जोर पुढच्या दिशेने, 50 टक्के बाजूला व मागे आणि 20 टक्के वर पेलला पाहिजे. म्हणजे 20 टन माल असेल तर पुढे 16 टन. यासाठी 50 मिलिमीटरचे पट्टे, ते ताणायचे दातेरी रॅचेट आणि जड मालाला साखळ्या. चार मीटर उंचीवरून पट्टा पलीकडे टाकणं बुटक्या माणसाला अवघड जातं, मग तो पुरुष असो की बाई. उपाय साधा: पट्टा गुंडाळून जोरात भिरकवायचा किंवा लांब काठीने सरकवायचा. रॅचेट खाली खेचून ताणता येईल असा बसवला, तर हाताच्या जोराऐवजी अंगाचं वजन कामी येतं. साखळी ताणायचा लिव्हर मात्र जपून हाताळावा. तो सुटून उसळला तर जबडा मोडतो. फिरवून ताणणारा स्क्रूचा प्रकार त्यापेक्षा सुरक्षित. टायर फुटला तर चाक खोलत बसायचं नसतं, टायरवाल्याची गाडी येते.

स्टिअरिंग आणि ब्रेक यांना आता ताकद लागत नाही, स्टिअरिंगचं काम तेलाचा दाब करतो आणि ब्रेकचं हवा. हवेचा दाब 100 ते 120 पीएसआयच्या आसपास असतो. 60 च्या खाली गेला की घंटी वाजते, आणि आणखी उतरला की स्प्रिंगचे ब्रेक आपोआप आवळतात. घंटी वाजताना ‘पुढच्या थांब्यापर्यंत जाऊ’ असं म्हणणारा चालक भर रस्त्यात अडकतो.

बाईला जास्त त्रास होतो तो स्वच्छतागृहाचा आणि रात्रीच्या मुक्कामाचा. दिवे आणि माणसांचा वावर असलेलं रोडहाऊस आधीच ठरवून थांबायचं. ट्रक कोपऱ्यातल्या अंधारात उभा न करता इंधनपंपाच्या नजरेत उभा करायचा.

‘नवऱ्याच्या जिवावर गेली,’ असं तिचेच देशवासीय लिहितात. यात काही तथ्य? (वाचक, ठाणे)

टोमणा म्हणून ते वाईटच, पण व्हिसाच्या अंगाने पाहिलं तर त्यात एक खरी गोष्ट दडली आहे. जोडीदाराच्या व्हिसावर काम करायला मालक किंवा तासांचं बंधन नसतं, त्यामुळे लायसन्सच्या पायऱ्या निवांत चढता येतात. ईशान्य थायलंडमधल्या कित्येक बायका परदेशी माणसाशी लग्न करून बाहेर गेल्या आहेत, म्हणून प्रत्येकीकडे त्याच चष्म्यातून बघितलं जातं.

पण दुसरी वाट आहे. 462 क्रमांकाचा ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा 18 ते 30 वयाच्या थाई तरुणांना मिळतो. त्यात एका मालकाकडे साधारण सहा महिनेच राहता येतं. दुसरं वर्ष हवं असेल तर ठरवून दिलेल्या भागात, ठरवून दिलेल्या प्रकारचं तीन महिने काम करावं लागतं, तिसऱ्यासाठी सहा महिने. म्हणून शेतावरच्या कापणीत राबणं आणि ट्रकची तयारी बरोबरच चालते. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला 48 तासांची मर्यादा आहे, त्यात लांब पल्ला बसत नाही. आणि ट्रकचालक हा व्यवसाय कुशल कामगारांच्या मुख्य यादीत नाही. काही भागांसाठी केलेल्या खास करारांतून मालक बोलावू शकतो, पण ती अरुंद वाट आहे. ‘ट्रकचालक म्हणून कायमचं राहायला मिळतं’ हे ठोकून दिलेलं वाक्य समजा.

काही व्हिडिओंत दुमजली घराएवढा डंपर दिसतो. तोही ट्रकच ना? (वाचक, चंद्रपूर)

ते खाणीतलं यंत्र. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबरा भागात लोखंडाच्या खाणीत 200 टनांच्या वर भार उचलणारे डंपर चालतात, ते सार्वजनिक रस्त्यावर येत नाहीत. तिथे रस्त्याच्या ट्रकपेक्षा वेगळी चाचणी, 12 तासांची पाळी आणि विमानाने ये-जा. खाणकंपन्या अनुभव नसलेल्या बायकांनाही शिकवून घेतात. पण रिओ टिंटोच्या खाणींत अनेक डंपर आता चालकाविना धावतात आणि त्यांच्यावर पर्थमधून नजर ठेवली जाते. या नोकरीच्या भरवशावर लांबचा बेत आखू नका.

झोप कधी घेतात? आपल्याकडे तर दोन-दोन रात्री गाडी चालवतात. (वाचक, नांदेड)

पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी सोडून बाकी राज्यांत एकच कायदा आहे. 12 टनांवरच्या गाडीला 24 तासांत जास्तीत जास्त 12 तास काम, आणि गाडी उभी असताना सलग 7 तास विश्रांती. साडेपाच तासांत किमान 15 मिनिटं थांबायचं, 11 तासांत एकूण एक तास. सात दिवसांत 72 तासांवर काम नाही. तळापासून 100 किलोमीटरच्या पलीकडे गेल्यावर कामाची वही भरावीच लागते. माल चढवणं, डिझेल भरणं, गाडी तपासणं हेही ‘काम’च. नवखे चालक फक्त स्टिअरिंगचे तास लिहितात आणि दंड भरतात. वेळेत पोहोचवण्यासाठी दबाव टाकणारा मालक आणि माल पाठवणाराही याच कायद्यात जबाबदार धरला जातो.

अमेरिकेत जास्त पैसे आहेत, तिकडे का नाही? (वाचक, पणजी)

सध्या दार जवळजवळ बंद आहे. 21 ऑगस्ट 2025 ला अमेरिकेने व्यावसायिक ट्रकचालकांचे कामगार व्हिसा देणं थांबवल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी 25 जूनपासून इंग्रजीत पाट्या वाचता न येणाऱ्या, अधिकाऱ्याशी बोलता न येणाऱ्या चालकाला जागेवरच गाडीवरून उतरवलं जातं.

माझी बहीण 24 वर्षांची आहे. एक एजंट चार लाख रुपये मागतोय. द्यावेत का? (वाचक, सोलापूर)

देऊ नका. 462 व्हिसा 2024 पासून भारतीयांनाही खुला आहे: वर्षाला 1,000 जागा, वय 18 ते 30, बारावीनंतर दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी आणि सुरुवातीच्या खर्चाचे पैसे. निवड संगणकीय सोडतीने होते. नोंदणीची फी 25 ऑस्ट्रेलियन डॉलर आणि अर्ज स्वतः भरायचा. सोडतीत नाव आणून देतो म्हणणारा थाप मारतो.

परदेशी नोकरी लावून देणाऱ्याचा परवाना केंद्राच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. परवानाधारकालाही उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, पावती देऊन. थाई मुलींनाही असेच दलाल गाठतात, आणि तिथेही परवान्याशिवाय परदेशी भरती करणं गुन्हा आहे.

बहिणीने आत्ता करायचं काम आपल्याच आरटीओत आहे. मोटारीचं लायसन्स नसेल तर आजच शिकाऊ परवाना काढा, कारण ऑस्ट्रेलियात मोजली जाणारी वर्षं पक्क्या लायसन्सच्या तारखेपासून धरतात. ट्रकवर हात बसवायचा असेल तर भारतात व्यावसायिक वाहनासाठी वय 20 पूर्ण आणि हलक्या वाहनाचं लायसन्स वर्षभर जुनं हवं. पुण्यात भोसरीला वाहनचालक प्रशिक्षण संस्था आहे, तिथे जड वाहनाच्या वर्गाची चौकशी करता येईल.