रोज संध्याकाळी माडी किंवा फेणी घेतो, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. याचा दारूशी संबंध आहे का?

आहे. दारूने तोंड कोरडं पडतं. लाळ कमी झाली की हिरडीच्या कडेला चिकट पांढरट थर साचतो (नख फिरवलंत तर नखावर येतो) आणि काही दिवसांत त्याचं घट्ट कीटण होतं. कीटण ब्रशने निघत नाही, स्केलिंगच (दातांच्या डॉक्टरकडे खरवडून साफ करणं) करावं लागतं. त्याने हिरडी सुजते आणि रक्त येतं. कीटण तसंच राहिलं तर हिरडी दातापासून सुटते, खालचं हाड झिजतं, आणि ते हाड आपोआप भरून येत नाही. पिणं जास्त असेल तर यकृत बिघडून रक्त गोठायलाही वेळ लागतो.

माडी जरा जास्तच त्रास देते: गोड असते, दिवस चढेल तशी आंबते. म्हणजे साखरही आणि आम्लही. प्यायल्यावर लगेच ब्रश करू नका, मऊ पडलेलं एनॅमल (दाताचं वरचं कवच) घासलं जातं. पाण्याने खळखळून चूळ भरा, अर्ध्या तासाने मऊ ब्रश हिरडीकडे 45 अंशांत तिरपा धरून 2 मिनिटं घासा. तसंच झोपून जाऊ नका, झोपेत लाळ आणखी कमी होते.

मशेरी लावत असाल तर कृपया आजच सोडा. तंबाखू आणि दारू मिळून तोंडाच्या कॅन्सरचा धोका फार वाढवतात. 2 आठवड्यांत न भरलेली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दिसला तर थेट डॉक्टर गाठा.

हिरडीसाठी मेट्रोनिडाझोल (एक अँटिबायोटिक) लिहून दिलं, तर गोळ्या संपल्यावरही 3 दिवस दारूचा घोट नको.